चेक : इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि उगम

चेक : इंग्रजी भाषेतील नाम व क्रियापद. मराठी बोलण्यात हा शब्द बँकेचा धनादेश, तपासणी आणि कापडावरच्या चौकड्या अशा तीन अर्थांनी रोज येतो. इंग्रजीत त्याला याखेरीज अटकाव, बुद्धिबळातील शह, सामानाची पावती, हॉटेलचे बिल असे आणखी अर्थ आहेत. वरवर पाहता यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. तरीही हे सारे अर्थ फारसीतील ‘शाह’, म्हणजे राजा, या एकाच शब्दातून निघाले आहेत.

‘शाह’चे प्राचीन रूप ‘क्षायथिय’. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस कोरलेल्या बेहिस्तून येथील शिलालेखात दार्युश राजा स्वतःला हेच बिरुद लावतो. संस्कृतातील ‘क्षत्र’ हा शब्द त्याच कुळातला. भारतातील चतुरंग हा खेळ इराणात गेला, तेव्हा समोरच्याच्या राजावर मारा करताना ‘शाह’ असे पुकारण्याची रीत पडली. राजाला सुटकेची वाट उरली नाही की ‘शाह मात’. यातील ‘मात’चा अर्थ काही जण अरबीप्रमाणे ‘मेला’ असा लावतात, तर काही जण फारसीप्रमाणे ‘हतबल झाला’ असा. दुसरा अर्थ अधिक पटतो, कारण या खेळात राजा मारला जात नाही. तो कोंडला जातो.

अरबांकडून खेळ युरोपात पोचला आणि त्याबरोबर हा पुकाराही. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे ‘एशेक’ झाले. त्याच्या एकवचनापासून इंग्रजी ‘चेक’ आणि अनेकवचनापासून ‘चेस’ हे खेळाचे नाव तयार झाले. जर्मन ‘शाख’ आणि रशियन ‘शाखमाती’ याच मुळाचे. स्पॅनिश ‘आखेद्रेस’ आणि पोर्तुगीज ‘शाद्रेझ’ ही नावे मात्र ‘चतुरंग’वरून, अरबी ‘शतरंज’मार्गे आलेली आहेत.

या शब्दाच्या प्रवासातील सर्वांत रंजक टप्पा इंग्लंडच्या खजिन्यात आहे. बुद्धिबळाच्या पटाला मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काकारियुम’ म्हणत. बाराव्या शतकात राजाच्या महसुलाचा हिशेब एका मोठ्या मेजावर होई. मेजावर आडव्या-उभ्या रेघांचे काळे कापड अंथरलेले असे आणि रकान्यांतून सोंगट्या सरकवून पौंड, शिलिंग, पेन्स यांची बेरीज-वजाबाकी केली जाई. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने 1170 च्या दशकात या कारभारावर लॅटिनमध्ये संवादरूपाने एक ग्रंथच लिहिला. मेज सुमारे 10 फूट लांब आणि 5 फूट रुंद असे, हा तपशील त्यातलाच. तो म्हणतो की पट बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो म्हणून या मेजालाही ‘स्काकारियुम’ हे नाव पडले, आणि पुढे अशीही तुलना करतो की इथेही लढाई होते, ती खजिनदार आणि हिशेब द्यायला आलेला शेरीफ यांच्यात. कारभार चालवणाऱ्याच्याच लेखणीतून उतरलेली अशी व्युत्पत्ती क्वचितच मिळते. या खात्याचे इंग्रजी नाव ‘एक्स्चेकर’ झाले, आणि ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणवतो. चौकड्यांच्या कापडाला ‘चेक’ म्हणतात तेही बुद्धिबळाच्या पटामुळेच.

शब्दाची दुसरी शाखा पटावरून व्यवहारात उतरली. शह बसला की खेळाडूला मनातला डाव सोडून आधी राजाला वाचवावे लागते. त्यावरून ‘चेक’ म्हणजे अचानक आलेला अडथळा, मग आवर, मग नियंत्रण, असा अर्थ पसरत गेला. आपल्याला सर्वांत ओळखीचा ‘तपासणे’ हा अर्थ बराच उशिरा, सतराव्या शतकाच्या अखेरीस रुळला; चूक किंवा लबाडी रोखायची तर पडताळणी करावी लागते, हा त्यामागचा धागा. तिकीट चेकर, चेकनाका, चेकअप, रीचेकिंग हे मराठीत रुळलेले शब्द या उशिराच्या अर्थाचे आहेत. जुना अर्थ पाहायचा असेल तर पाणलोट विकासाच्या कामातला ‘चेक डॅम’ पाहावा. तो पाण्याची तपासणी करत नाही, ओढ्याचा वेग अडवतो. लोकशाहीतील ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ या संज्ञेतही सत्तेला आवर घालणेच अभिप्रेत आहे. तिचा अर्थ नुसता तपासणी असा करणे चूक ठरेल.

बँकेचा चेकही अटकावातूनच जन्मला. अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ म्हणजे पैशाच्या आदेशाची मागे राहणारी स्थळप्रत होती. बनावट कागद पकडायला ती उपयोगी पडे. पुढे नाव स्थळप्रतीवरून मूळ कागदावर सरकले. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी ‘एक्स्चेकर’च्या प्रभावाने या अर्थापुरते स्पेलिंग बदलून शेवटी ‘क्यू-यू-ई’ लावले. अमेरिकेत जुनेच राहिले. भारताने ब्रिटिश वळण घेतले. 1881 च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 6 मध्ये चेकची व्याख्या आहे. खात्यात पैसे नसल्याने चेक वटला नाही तर होणाऱ्या शिक्षेचे कलम 138 हे 1 एप्रिल 1989 पासून लागू झाले. आज त्यात 2 वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. चेकची मुदत 1 एप्रिल 2012 पासून 6 ऐवजी 3 महिने आहे.

अमेरिकेत हॉटेलच्या बिलाला आणि बरोबरच्या खुणेलाही ‘चेक’च म्हणतात.

मराठीत फारसी शब्द थेट आला तो ‘शह’ म्हणून. ‘शह देणे’, ‘शह-काटशह’, ‘मात करणे’ हे प्रयोग पटाबाहेर राजकारणात आणि घरच्या बोलण्यातही सर्रास होतात. ‘चेक’ आला तो इंग्रजीतून, पुष्कळ नंतर. मराठी कोशांत ‘शह’ आणि ‘चेक’ या नोंदींनी परस्परांकडे निर्देश करायला हवा.

मध्य युरोपातील ‘चेक’ देशाचे नाव वेगळे आहे. ते तेथील स्लाव्ह लोकांच्या स्वतःच्या नावावरून आले असून इंग्रजीत पोलिश धाटणीच्या स्पेलिंगने लिहिले जाते. ‘शाह’शी त्याचा संबंध नाही.