नाटककाराचा वाटा

एखादे नाटक कोणाचे, असे कोणी विचारले तर आपण लेखकाचे नाव सांगतो. त्या नाटकाचा गल्ला कोणाचा, असा प्रश्न आला की मात्र उत्तर बदलते. डोलवीसारख्या आमच्या गावी हौशी नाटकाचा हिशेब वर्गणीच्या एका वहीत मावतो, आणि लेखकाच्या वाट्याला फार तर शाल आणि नारळ येतो. पोटासाठी चालणाऱ्या रंगभूमीचे गणित निराळे असते. तेथे लिहिणारा हा मालक होता की मोबदल्याचा धनी, ह्यावर त्याचे आयुष्य कसे जाईल हे ठरत असे.

मराठी रंगभूमीचा प्रारंभ मालक-लेखकापासून झाला. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये राजेसाहेब निवर्तले, दरबाराचा आधार तुटला आणि भाव्यांना मंडळी घेऊन मुलुखात बाहेर पडावे लागले. तिकीट लावून नाटक करणे हा त्यांचा हव्यास नव्हता, ती निकड होती. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईच्या ग्रँट रोडवरील नाट्यगृहात खेळ केले. आख्याने त्यांची, मंडळी त्यांची आणि तोटाही त्यांचाच.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी हीच वाट अधिक भक्कम केली. रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या ह्या गृहस्थांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले. १८८२ साली 'सौभद्र' आले. अण्णासाहेब नाटक लिहीत, तालमी घेत, सूत्रधार म्हणून स्वतः उभे राहत, आणि कंपनीही त्यांचीच. कंपनीजवळ स्वतःचे नाट्यगृह नव्हते. भाड्याच्या थिएटरात खेळ, मग पुढल्या गावी बिऱ्हाड. भांडवल म्हणायचे तर पडदे, कपडेपट आणि गळे.

येथे शेक्सपिअरची आठवण होते, आणि ती त्याच्या काव्यामुळे नव्हे. १५९४ पासून तो लॉर्ड चेंबरलेनच्या नटमंडळीत भागीदार होता. १५९९ मध्ये थेम्सच्या दक्षिण तीरावर ग्लोब नाट्यगृह उभे राहिले तेव्हा निम्मा हिस्सा बर्बेज बंधूंनी घेतला व उरलेला निम्मा पाच नटांनी. शेक्सपिअर त्या पाचांतला एक; म्हणजे त्याचा वाटा दशांश. भागीदार नट म्हणून गल्ल्यातला हिस्सा वेगळा आणि इमारतीचा मालक म्हणून सज्जांच्या उत्पन्नातला वेगळा, असे दोन्ही हातांनी त्याला मिळे. १६०८ साली ब्लॅकफ्रायर्स नाट्यगृहातही त्याने हिस्सा घेतला. ही जागा मूळची डॉमिनिकन संन्याशांच्या मठाची. आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये तो मठ बंद केला होता. आणखी एक योगायोग सांगण्याचा मोह आवरत नाही. १६०५ मध्ये ह्या नाटककाराने ४४० पौंड मोजून स्ट्रॅटफर्डजवळच्या दशांशाच्या उत्पन्नात भाग विकत घेतला. पूर्वी चर्चकडे जाणारा शेतकऱ्याचा दशांश आता नाट्यगृहातल्या दशांशाच्या धन्याकडे येऊ लागला!

त्याचा मित्र बेन जॉन्सन विद्वत्तेत त्याच्याहून सरस. १५९८ साली तुरुंगात असताना त्याने कॅथलिक धर्म स्वीकारला आणि सुमारे बारा वर्षे तो त्यात राहिला. त्याला मात्र कोणत्याही मंडळीत हिस्सा नव्हता. तो नाटक लिहून विके. एका नाटकाला तेव्हा सहा पौंडांच्या आसपास मिळत. सगळ्या नाटकांचे मिळून आपल्याला दोनशे पौंडही सुटले नाहीत, असे त्याने उतारवयात एका स्नेह्याला सांगितले होते.

मालकी म्हणजे निव्वळ लाभ, असेही नव्हे. १६१३ मध्ये खेळ चालू असतानाच ग्लोब जळाले आणि नव्या बांधणीचा भार भागीदारांवर पडला.

अण्णासाहेब १८८५ साली वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी गेले. कंपनी भाऊराव कोल्हटकर व त्यांच्या सहकारी नटांकडे आली. पुढे नानासाहेब जोगळेकर आणि शंकरराव मुजुमदार ह्यांनी ती चालविली. 'सौभद्रा'ने थिएटरे भरत राहिली. पण लेखक आणि मालक ही एकाच देहातली दोन माणसे आता वेगळी झाली होती, आणि आमच्या मते मराठी नाटककाराच्या संसाराचे दुखणे येथूनच सुरू होते. 'शारदा'कार देवल ह्यांच्याकडे तालमी होत्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर वकिली करीत. खाडिलकरांना वृत्तपत्राचा आधार होता. राम गणेश गडकऱ्यांनी तर किर्लोस्कर मंडळीत मुलांना शिकविण्यापासून दारावर उभे राहण्यापर्यंत कामे केली. १९१९ साली तेहेतिसाव्या वर्षी ते सावनेरला वारले. 'एकच प्याला'चा पुढला जयजयकार त्यांच्या कानी पडला नाही.

१९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिचे भागीदार तीन: बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. दोन नट आणि एक संगीतकार. ज्यांच्या नाटकांवर मंडळी उभी होती ते देवल किंवा खाडिलकर त्यांत नव्हते. दोघे भागीदार पुढे बाहेर पडले आणि एकट्या राहिलेल्या बालगंधर्वांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर चढला. त्या कर्जातही लेखकाचा वाटा नव्हता, हेही नोंदवायला हवे.

आमच्या समाजातल्या कोकणी तियात्राचे उदाहरण ह्यासंदर्भात पाहण्याजोगे आहे. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत 'इटालियन भुरगो' झाले तेव्हा लुकाझिन्हो रिबेरो हे लेखक, नट आणि प्रयोगाचे कर्तेही होते. जुवांव आगुश्तीन फेर्नांदिश ह्यांनीही लेखन आणि प्रयोग ही दोन्ही ओझी पेलली. पुढे ह्या खेळात कंत्राटदार आला. तो ठरलेली रक्कम मोजून प्रयोग घेतो; घर भरले तर नफा त्याचा, पावसाने प्रेक्षक अडकले तर तोटाही त्याचाच. लेखकाचे पैसे मात्र सुटतात. पुष्कळ तियात्रिस्ट हा सौदा पसंत करतात, आणि घरी चूल पेटवायची असते तेव्हा त्यांना दोष देणे आम्हांस जमत नाही.