परकोट, पायवाटा आणि नकाशे

चांद्याच्या गोंड राज्याची एक जुनी आणि मोलाची नोंद फारसीत आहे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन केले. त्यात चांद्याचा गोंड राजा येतो, त्याची फौज येते आणि जवळच्या वैरागडची हिऱ्याची खाणही येते. आज चंद्रपूर आणि गडचिरोली म्हटले की वाघ, कोळसा आणि नक्षलवादी एवढेच ज्यांना आठवते, त्यांनी हे लक्षात घ्यावे की चारशे वर्षांपूर्वी आग्र्याला या जंगलाची खबर हिऱ्यांमुळे होती.

या राजांच्या नावामागे 'शाह' लागते. बल्लाळशहा, हिरशहा, रामशहा, बीरशहा. वर्गात मुले हमखास विचारतात, "सर, हे आपले होते का?" देवगडचा बख्त बुलंदशहा हा गोंड राजा औरंगजेबाच्या काळात मुसलमान झाला आणि त्यानेच नागपूर वसवले, हे खरे. चांद्याचे घराणे मात्र आपल्या देवीचेच राहिले, तरीही 'शाह' म्हणवून घेत राहिले. नावावरून माणसाचा धर्म ठरवण्याची आपल्याकडे फार घाई असते. चांद्याची तवारीख ती घाई चालू देत नाही. खुद्द शहराच्या दक्षिण वेशीचे नाव पठाणपुरा आहे.

शहर वसवण्याचे श्रेय परंपरेने खांडक्या बल्लाळशहाला दिले जाते. त्याच्या भोवतीचा दगडी परकोट, ज्याला उर्दूत आपण फसील म्हणतो, एका राजाच्या हयातीत झाला नाही. तो पुरा व्हायला कित्येक कारकिर्दी गेल्या. सुमारे 11 किलोमीटरचा घेर. उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला इरई नदीकडे बिनबा आणि पूर्वेला झरपटीकडे अंचलेश्वर असे चार दरवाजे, शिवाय पाच खिडक्या. दरवाजांवर हत्तीला दाबून धरणारा सिंह कोरलेला आहे. हे गोंड राज्याचे चिन्ह. दरवाजा फारसी, बुरुज अरबी, खिडकी देशी आणि सिंह गोंडांचा. ही भिंत बांधताना कोणी भाषेची वाटणी केली नव्हती.

या राजांचे नियोजन नुसते भिंतीपुरते नव्हते. जो जंगल तोडून तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन बक्षीस, अशी सनद ते देत, आणि तिला 'तुकूम' म्हणत. चंद्रपुरात तुकूम नावाची मोठी वस्ती आजही आहे. तिथल्या किती जणांना आपल्या पत्त्यातल्या या शब्दाचा अर्थ माहीत असेल, शंकाच आहे. मेजर ल्युसी स्मिथने 1869 साली या जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिला आणि गोंड राजांची वंशावळ कागदावर आणली, म्हणून निदान आपण त्याविषयी बोलू तरी शकतो.

मे 1818 मध्ये इंग्रजांच्या तोफांनी याच परकोटाला भगदाड पाडून भोसल्यांकडून चांदा घेतले. मग आले त्यांचे दळणवळणाचे बेत. पहिला बेत नदीचा होता. गोदावरी, प्राणहिता, वर्धा या नद्यांतून बोटी चालवून वऱ्हाडचा कापूस थेट बंगालच्या उपसागराला न्यायचा. त्यासाठी 1860 साली सिरोंचा हे मुख्य ठाणे करून अप्पर गोदावरी नावाचा जिल्हाच निर्माण केला. धबधब्यांच्या जागी बंधारे आणि कालवे सुरू झाले. पण खडक, ताप आणि खर्च यांनी साहेब टेकीला आले, आणि 1871 मध्ये काम गुंडाळले गेले. 1874 साली तो जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्याला जोडले गेले. दुसरा बेत रेल्वेचा, आणि तो मात्र टिकला, कारण त्याच्या टोकाला कोळसा होता. वरोऱ्याच्या खाणीसाठी वर्ध्याहून फाटा आला, पुढे तो बल्लारशाहला पोहोचला, आणि 1929 मध्ये काझीपेठची जोड पूर्ण होऊन दिल्ली-मद्रास हमरस्ता याच गावांवरून गेला. जंगलाच्या आतल्या माणसाला मात्र त्यातले काही मिळाले नाही. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा एवढ्या अफाट प्रदेशात रेल्वेचे स्टेशन होते ते एकट्या वडशाला. वडसा-गडचिरोली मार्गाची मागणी मंजूर होऊन कामाला लागायलाच पुढची कित्येक वर्षे गेली.

आता जटपुरा गेटकडे येऊ. ज्याने एकदा सायंकाळी तिथून स्कूटर काढली आहे त्याला वर्णनाची गरज नाही. हत्ती, घोडे आणि बैलगाड्यांच्या मापाने बांधलेल्या कमानीतून आज ऑटो, मोटारी आणि शाळेच्या बसगाड्या जातात. कोंडी वाढली की मागणी होते, बाजूची भिंत पाडा. परकोट केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. 1958 चा कायदा आणि त्याची 2010 ची दुरुस्ती यांनुसार स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद आणि त्यापुढच्या 200 मीटरांवर परवानगीचे बंधन आहे. म्हणून लोक पुरातत्त्व खात्याला शिव्या देतात. माझ्या मते शिव्या चुकीच्या पत्त्यावर जातात. औष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी, कागद आणि सिमेंटचे कारखाने यांनी शहराची लोकसंख्या अनेक पटींनी वाढली, तरी उत्तरेचा सगळा भार एकाच दरवाजावर सोडून दिला. यात पाचशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाचा काय दोष? औरंगाबादेत काही दरवाजांच्या दोन्ही बाजूंनी रस्ते काढले. दरवाजे वाचले, पण भिंतीवाचून ते बेटासारखे एकटे उभे आहेत. चंद्रपूरची फसील अजून बरीचशी सलग आहे, आणि असे शहर महाराष्ट्रात दुसरे दाखवणे कठीण आहे.

2017 मध्ये इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी परकोटावरची झाडेझुडपे आणि कचरा काढायला सुरुवात केली. शेकडो दिवस श्रमदान चालले आणि पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. त्यानंतर शहरातल्या लोकांना आपल्या भिंतीवरून चालता येते हे कळले. या भिंतीचा आणखी एक उपयोग पुरात कळतो. 2013 आणि 2022 च्या पुरांत इरईचे पाणी बिनबा गेटबाहेरच्या रहमतनगरात शिरले. परकोटाच्या आत कुठे बांधावे आणि नदीला कुठे जागा सोडावी याचा हिशेब गोंड राजांच्या कारागिरांना होता. आपली गरीब माणसे मात्र वेशीबाहेर, नदीच्या हक्काच्या जागेत राहायला गेली, कारण आत जागा परवडत नव्हती. रहमतनगरच्या घरांचा प्रश्न आणि फसीलीचा प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत.

गंमत अशी की आपला कायदाही ते वेगळे मानत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 सालचा. त्याचे 14 वे कलम प्रादेशिक योजनेत काय काय असावे ते सांगते. त्यात रस्ते, रेल्वे, जलमार्ग आहेत, आणि त्याच यादीत वने, निसर्ग आणि ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू व स्थळे यांचे जतनही आहे. एकाच कलमात, शेजारी शेजारी. व्यवहारात रस्त्याचे कागद एका कार्यालयात फिरतात, जंगलाचे दुसऱ्या आणि वास्तूंचे तिसऱ्या. तिघांची भेट होते ती बहुतेक वेळा कोर्टात.

जंगलात गेलो की हे अधिक टोकाचे होते. मोहर्लीहून ताडोब्याच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला दगडी खांब उभे आहेत. गोंड राजांच्या काळात त्यांवरून दोर ओवून, घंटा वाजवून निरोप पोहोचवत, अशी समजूत आहे. म्हणजे आजचा सफारीचा रस्ता जुन्या राजमार्गावरूनच जातो. जिप्सीतले प्रवासी वाघ शोधत असतात, खांब कोणी मोजत नाही. तलावाकाठी तारू या देवाचे ठाणे आहे. त्याच्यावरूनच ताडोबा हे नाव आले, असे सांगतात. पूर्वी तिथे पौषात आदिवासींची जत्रा भरे. 1955 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि देवाकडे जाण्यासाठीही परवानगी लागू लागली.

वैरागडचे उलटे आहे. आरमोरी तालुक्यातला हा किल्ला महामार्गापासून फार दूर नाही, तरी अबुल फजलने नोंदलेले गाव पाहायला कोणी वळत नाही.

आणि सुरजागड. एटापल्ली तालुक्यातला हा लोखंडाचा डोंगर माडिया गोंडांच्या ठाकूरदेवाचा आहे. दरवर्षी तिथे यात्रा भरते आणि आसपासच्या इलाक्यातली गावे येतात. 2007 मध्ये तिथला खाणपट्टा दिला गेला, 2016 मध्ये उत्खनन सुरू झाले, आणि त्याच डिसेंबरात नक्षलवाद्यांनी खाणीवरची पंचाहत्तरहून अधिक वाहने जाळली. पुढे काम पुन्हा वाढले. खनिजाचे ट्रक एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या रस्त्याने धावू लागले आणि त्या रस्त्याची जी गत झाली ती तिथल्या एसटीच्या चालकाला विचारावी. ठाकूरदेवाला देऊळ नाही, शिलालेख नाही. पुरातत्त्वाच्या यादीत जायला जे लागते त्यातले त्याच्याकडे काहीच नाही.

म्हणून रस्ते नकोत असे म्हणणे सोपे आहे, आणि ते शहरात बसून म्हणणे त्याहून सोपे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटायचा, हे वर्षानुवर्षे चालले. बाळंतिणीला खाटेवर घालून नाले ओलांडणारी माणसे याच जिल्ह्यातली. 1 जानेवारी 2025 रोजी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी भागात स्वातंत्र्यानंतर प्रथमच एसटी धावली आणि मुख्यमंत्री स्वतः तीत बसले. सत्त्याहत्तर वर्षे बसची वाट पाहणाऱ्याला वारसा-संवर्धनाचे व्याख्यान देण्याचा अधिकार मला नाही.

पण रस्ता कोणासाठी आणि कुठून, हे त्याला विचारले गेले पाहिजे. 2006 च्या वनहक्क कायद्यात त्याची सोयही आहे. शाळा, दवाखाना, रस्ता यांसाठी एक हेक्टरपर्यंतची वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने वळवता येते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवले की गाव आपल्या जंगलाचा हिशेब ठेवू शकते. तसाच हिशेब गावाने आपल्या दगडांचा, जत्रांच्या वाटांचा, बाबाच्या मजारींचा, गोटुलांचा, जुन्या तलावांचा ठेवला, तर समृद्धीच्या धर्तीवर गडचिरोलीपर्यंत जे द्रुतगती मार्ग आखले जात आहेत त्यांच्या नकाशावर तो ठेवता येईल. मोजणी झाल्यावर नव्हे, आखणीच्या आधी. नाहीतर नकाशावर तेवढी जागा कोरीच दिसणार, आणि कोऱ्या जागेतून रेघ ओढायला कोणाचाही हात थबकत नाही.

ही यादी कोणत्या भाषेत करायची, हा प्रश्नही सोपा नाही. सिरोंच्याकडे ठिकाणांची नावे तेलुगूत आहेत, भामरागडकडे माडियात, धानोऱ्याकडे गोंडीत आणि छत्तीसगडीत, चांद्याच्या मोहल्ल्यांत उर्दूत. मराठी फॉर्मवर त्यांतली निम्मी नावे आजही चुकीची लिहिली जातात.