अनोळखी चार्जर : डेटा चोरीची भीती जास्त, पण खरा धोका कुठे?

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर नागोठण्याच्या पुढचं आणि रोह्याच्या अलीकडचं छोटं स्टेशन म्हणजे निडी. पेण-रोहा पट्ट्यातल्या अशा गावांमधून कामासाठी रोज पनवेल, दिवा किंवा ठाण्यापर्यंत जाणाऱ्यांचा मोबाइल संध्याकाळपर्यंत संपत येतो. मग कुणाचा तरी चार्जर मागितला जातो, गाडीत किंवा स्टेशनबाहेर मिळणारी शंभर रुपयांची केबल घेतली जाते, नाहीतर दिसेल त्या पॉइंटला फोन लावला जातो.

वीज गेली की हे आणखी वाढतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा जिल्ह्यातल्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी जिथे जनरेटर किंवा इन्व्हर्टर चालू असेल तिथे, हाताला लागेल त्या चार्जरवर फोन लावावा लागतो.

'सार्वजनिक ठिकाणी फोन चार्ज केला की बँक खातं रिकामं होतं' असे मेसेज सगळ्यांनीच वाचलेले असतात. त्यात तथ्य किती? आणि चार्जरचा मोठा धोका नेमका कोणता?

ज्यूस जॅकिंग म्हणजे काय?

साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेसाठी आणि दोन डेटासाठी. फोन कॉम्प्युटरला जोडल्यावर याच डेटाच्या तारांमधून फोटो आणि फाइल्स जातात. त्यामुळे चार्जिंग पॉइंटच्या आत एखादा छोटा कॉम्प्युटर लपवला, तर तो फोनशी बोलायचा प्रयत्न करू शकतो. याला 'ज्यूस जॅकिंग' म्हणतात. हा शब्द २०११ मध्ये अमेरिकेतले सायबर सुरक्षा पत्रकार ब्रायन क्रेब्स यांच्या लेखातून प्रचलित झाला.

ही फक्त कल्पना नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी एक खास चार्जर बनवून मिनिटभरात आयफोनमध्ये घातक ॲप घालून दाखवलं होतं. त्यानंतर ॲपलने 'या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का?' असा प्रश्न फोनवर विचारायला सुरुवात केली. अँड्रॉइड फोनही आता केबल जोडल्यावर सहसा फक्त चार्जिंग सुरू करतात. फाइल्स द्यायच्या असतील तर परवानगी वेगळी द्यावी लागते. २०२५ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी ही परवानगीही फसवून मिळवता येते, हे दाखवून दिलं. त्यावर ॲपल आणि गुगलने अपडेटमधून उपाय केले.

मग इशारे का दिले जातात?

रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये आर्थिक फसवणुकीच्या प्रकारांवर काढलेल्या पुस्तिकेत ज्यूस जॅकिंगचा समावेश आहे. एप्रिल २०२३ मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयानेही विमानतळ, हॉटेल आणि मॉलमधले फुकट चार्जिंग पॉइंट टाळा, असं सांगितलं होतं.

पण सामान्य माणसाच्या फोनवर असा हल्ला प्रत्यक्षात झाल्याची खात्रीशीर घटना आपल्या माहितीत नाही, असं अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेने, म्हणजे एफसीसीने, नंतर स्पष्ट केलं. म्हणजे धोका तांत्रिकदृष्ट्या खरा आहे, पण दुर्मीळ आहे. फसवणूक करणाऱ्यांना ओटीपी मागणारा फोन किंवा खोटी लिंक त्याहून सोपी पडते.

रेल्वेच्या डब्यातला किंवा भिंतीवरचा नेहमीचा पिनचा सॉकेट फक्त वीज देतो. तिथे स्वतःचा ॲडॉप्टर आणि स्वतःची केबल लावली, तर डेटा चोरीचा प्रश्नच येत नाही. काळजी घ्यायची ती थेट यूएसबी पोर्टची आणि दुसऱ्याच्या केबलची.

खरा धोका : २३० व्होल्ट

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते आणि साधा चार्जर फोनला ५ व्होल्ट देतो. हा बदल त्या छोट्या डबीत होतो. डबीच्या एका बाजूला जीव घेऊ शकेल इतका दाब आणि दुसऱ्या बाजूला हातात धरलेला फोन. मध्ये असतो तो छोटा ट्रान्सफॉर्मर, इन्सुलेशन आणि काही मिलिमीटरची मोकळी जागा.

चांगल्या चार्जरचा खर्च याच ठिकाणी होतो. नकली चार्जरमध्ये हे अंतर कमी केलेलं असतं, तारेवरचं इन्सुलेशन हलकं असतं आणि फ्यूजही अनेकदा नसतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. त्यात कोकणातल्या पावसाळ्यात दमटपणा आत शिरला, तर उरलेलं अंतरही कामाचं राहत नाही. मग मोठा दाब केबलमधून थेट फोनपर्यंत येऊ शकतो.

अमेरिकेतल्या यूएल या सुरक्षा चाचणी संस्थेने २०१६ मध्ये ॲपलच्या नावाने विकले जाणारे ४०० नकली चार्जर तपासले. त्यातले फक्त ३ सगळ्या चाचण्यांत टिकले. १२ तर इतके वाईट होते की त्यांच्यामुळे जीवघेणा शॉक बसू शकला असता.

केबलही निर्धोक असतेच असं नाही. २०१६ मध्ये गुगलचे इंजिनिअर बेन्सन लिऊंग यांनी ऑनलाइन विकली जाणारी एक यूएसबी-सी केबल तपासायला घेतली, तर आतल्या चुकीच्या जोडणीमुळे त्यांचा लॅपटॉपच बिघडला. त्यानंतर ॲमेझॉनने नियमात न बसणाऱ्या यूएसबी-सी केबल्सच्या विक्रीवर बंदी घातली.

चार्जर खरा आहे का, कसं ओळखायचं?

भारतात मोबाइल चार्जर आणि पॉवर बँक यांना भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे बीआयएसची, नोंदणी सक्तीची आहे.

• चार्जरवर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' अक्षरापुढे आठ अंकी नोंदणी क्रमांक हवा.
• हा क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका. कंपनी, ब्रँड आणि वस्तूचा प्रकार दिसतो. नकली मालावर दुसऱ्याचा खरा क्रमांकही छापलेला असू शकतो, म्हणून तिन्ही गोष्टी जुळवून बघा.
• अक्षरं पुसट आहेत, स्पेलिंग चुकलंय, पिन हलतात किंवा डबी फारच हलकी लागते, तर तो चार्जर घेऊ नका.
• बिल मागा. बिल नसेल तर तक्रार करणं अवघड जातं.

कोणती लक्षणं दिसली की चार्जर बंद करायचा?

चार्जिंगला लावल्यावर स्क्रीनवर आपोआप टच होत असेल, तर वीज 'स्वच्छ' येत नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. हात ठेवता येणार नाही इतका चार्जर तापणं, जळका वास, चरचर आवाज किंवा सॉकेटजवळ काळा डाग, यातलं काहीही दिसलं तर तो पुन्हा वापरू नका.

फोनच्या धातूच्या कडेला अगदी हलक्या मुंग्या जाणवणं चांगल्या दोन पिनच्या चार्जरमध्येही होऊ शकतं. पण स्पष्ट झटका बसला, तर मेन स्विच बंद करून मगच चार्जर काढा.

जास्त वॉटचा चार्जर फोन खराब करतो का?

नाही. फोन आणि चार्जर आधी एकमेकांशी 'बोलतात' आणि फोनला लागेल तेवढीच वीज घेतली जाते. मान्यताप्राप्त ६५ वॉटचा चार्जर १८ वॉटच्या फोनला चालतो. आकडा मोठा असणं हा दोष नाही. खोटा आकडा छापलेला असणं हा दोष आहे.

हे लक्षात ठेवा

• प्रवासात स्वतःचा ॲडॉप्टर, केबल किंवा पॉवर बँक जवळ ठेवा.
• अनोळखी यूएसबी पोर्टला फोन लावावाच लागला, तर 'फाइल ट्रान्सफर' किंवा 'विश्वास ठेवा' याला परवानगी देऊ नका. फोन अपडेट ठेवा.
• फोन उशीखाली किंवा गादीवर ठेवून चार्ज करू नका. ओल्या हाताने, किंवा चार्जिंग सुरू असताना कानाला लावून वापरू नका.
• घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. शरीरातून वीज जमिनीकडे जायला लागली, तर तो क्षणात पुरवठा तोडतो. साधा एमसीबी हे काम करत नाही.
• कुणाला शॉक लागला तर आधी मेन स्विच बंद करा. तोपर्यंत त्या व्यक्तीला हात लावू नका.

नकली वस्तू विकली गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करता येते. खात्यातून पैसे गेल्यास लगेच १९३० वर फोन करा.

अनोळखी पोर्टला फोन लावण्याआधी आपण दोनदा विचार करतो. तसाच विचार उशाशी रोज रात्रभर लावून ठेवलेल्या स्वस्त चार्जरचाही करायला हवा.