छप्पर गेलं, बोली राहिली

मी बुलढाण्याचा. जुनी वास्तू म्हणजे लोणारचं कोरीव दैत्यसूदन मंदिर, हेच डोक्यात. म्हणून रायगडमधल्या कोर्लई किल्ल्यावरचं पोर्तुगीज चर्च आधी ओकंबोकं वाटलं. छप्पर गेलंय, जाड भिंती तेवढ्या उभ्या. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये हा मुलूख सोडला.

खरा इतिहास पायथ्याच्या गावात, माउंट कार्मेल चर्चभोवती आहे. इथली कॅथलिक कुटुंबं पोर्तुगीज आणि मराठीतून घडलेली बोली बोलतात. तिचं नाव ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा. धर्म वेगळा, त्यामुळे आजूबाजूला सोयरीक नाही. त्या एकटेपणानेच ती टिकली. बोलणारे उरलेत हजाराच्या आसपास. शाळा मराठी, चर्चमधली प्रार्थनाही आता मराठीत. मला मराठीचा अभिमान आहे, पण इथे जरा अपराधी वाटलं. चर्चसमोर खेळणारी पोरं भांडत होती, तीही मराठीतच.