शजरा आणि डीएनए

आपल्याकडे अनेक घरांत शजरा जपून ठेवलेला असतो. लग्नाची बोलणी सुरू झाली की तो पेटीतून बाहेर येतो. वडील, आजोबा, पणजोबा असं करत नावं वर चढत जातात आणि शेवटी अरबस्तान, इराण किंवा बुखाऱ्याला पोहोचतात. सय्यद, शेख, मोगल, पठाण ही उतरंड इस्लामने सांगितलेली नाही. अरब आणि गैरअरब हा भेद पैगंबरांनी (स.) आखरी खुत्ब्यातच मोडीत काढला होता. तरी खानदान विचारलं जातंच. आता या चौकशीत डीएनए हा नवा शब्द घुसला आहे. कुणी म्हणतं, 'आमचा डीएनए अरबी.' दुसरीकडे भाषणांतून ऐकू येतं की सगळ्या भारतीयांचा डीएनए एकच. दोन्हीकडे हा शब्द जातीच्या दाखल्यासारखा वापरला जातो. म्हणून तो मुळात काय आहे ते पाहू.

1869 साली जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या किल्ल्यात जुन्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा केलेली होती. फ्रीडरिश मीशर हा तरुण स्विस डॉक्टर तिथे दवाखान्यातून जखमांच्या पट्ट्या मागवायचा आणि त्यांवरचा पू धुऊन घ्यायचा. पुवात मुख्यतः पांढऱ्या पेशी असतात. त्यांच्या केंद्रकातून त्याला फॉस्फरस असलेला एक वेगळाच पदार्थ मिळाला. त्याला त्याने 'न्यूक्लिन' म्हटलं. तोच डीएनए. आपण 'खून का रिश्ता' म्हणतो, पण गंमत अशी की माणसाच्या रक्ताला लाल रंग देणाऱ्या पेशींत केंद्रकच नसतं, त्यामुळे त्यांत हा पदार्थही नसतो. नात्याचा पुरावा पहिल्यांदा हाती लागला तो पुवातून!

वारसा याच पदार्थातून जातो हे 1944 मध्ये न्यूयॉर्कला ॲव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूमोनियाच्या जिवाणूंवर दाखवलं. 1953 मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी त्याची रचना मांडली: पीळ दिलेल्या शिडीसारखी. त्यांना मदत झालेलं क्ष-किरण छायाचित्र रोझलिंड फ्रँकलिन यांच्या कामातलं होतं आणि ते त्यांच्या नकळत दाखवलं गेलं होतं. 1962 साली नोबेल जाहीर झालं तेव्हा फ्रँकलिन हयात नव्हत्या.

या शिडीच्या पायऱ्यांवर चारच अक्षरं आहेत. ए, टी, जी, सी. ए समोर टी, जी समोर सी. त्यामुळे शिडी मधोमध उसवली तरी एका बाजूवरून दुसरी तयार होते. पेशी दुभंगताना नेमकं हेच घडतं. या अक्षरांचे शब्द सगळे तीन अक्षरी असतात. अरबीत क, त, ब या तीन अक्षरांतून किताब, कातिब, मकतब निघतात हे मदरशात गेलेल्या मुलालाही ठाऊक असतं. इथे बहुतेक प्रत्येक शब्द एकेका अमिनो आम्लाचं नाव आहे, काही थोडे 'इथे थांबा' सांगणारे. त्या क्रमाने आम्लं ओवली की प्रथिन तयार होतं. रक्तातलं हिमोग्लोबिन तसंच बनतं, इन्सुलिनही तसंच. कुठल्या शब्दाचा अर्थ काय हे उलगडण्याच्या कामासाठी 1968 चं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांत मुलतानजवळच्या रायपूर गावात जन्मलेले हरगोविंद खोराना होते.

म्हणजे डीएनए ही शरीर घडवण्याची आणि चालवण्याची लिखित सूचना आहे. त्यात धर्म लिहिलेला नसतो, भाषा नसते, आडनाव तर नसतंच. कुठल्याही दोन माणसांची सुमारे 99.9 टक्के अक्षरं जुळतात. तेव्हा 'सगळ्यांचा डीएनए एक' हे नॉर्वेच्या माणसाबद्दलही खरंच आहे. पूर्वजांचा माग काढला जातो तो उरलेल्या फरकांवरून.

आता शजऱ्याकडे येऊ. निम्मा डीएनए आईकडून, निम्मा वडिलांकडून. दहा पिढ्या मागे गेलं तर 1024 पूर्वज होतात. (आपल्याकडे चुलत-मामे भावंडांत लग्नं होतात, त्यामुळे तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात आणि आकडा कमी भरतो.) दर पिढीत पानं नव्याने पिसली जात असल्याने त्यांतल्या बऱ्याच जणांचं काहीच आपल्यात उरत नाही. बापाकडून मुलाला जवळजवळ जसंच्या तसं जातं ते फक्त वाय गुणसूत्र. शजरा त्याच एका वाटेने जातो. त्या पिढीतल्या 1024 पैकी एकाचं नाव लिहायचं आणि बाकी 1023 वगळायचे, असा हा कागद आहे. एकाही बाईचं नाव त्यात बहुधा नसतं.

आयांची वाट मात्र दुसरीकडे नोंदलेली असते. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाचा स्वतःचा छोटा डीएनए असतो, 16,569 अक्षरांचा, आणि तो फक्त आईकडून येतो. मुलगा असो की मुलगी, आई, आजी, पणजी ही साखळी त्याच्यात असते.

भारतातल्या सहा मुस्लिम गटांवरचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर प्रदेशातले सुन्नी आणि शिया, केरळचे मापिला, गुजरातचे बोहरा असे गट त्यात होते. बहुतेकांचा मुख्य वारसा आसपासच्या बिगरमुस्लिम शेजाऱ्यांशी जुळला. अरबस्तान, पश्चिम आशिया आणि आफ्रिकेच्या खुणाही सापडल्या, पण थोड्या. म्हणजे शजरा खोटाच असतो असं नाही. वरचं नाव खरं असू शकतं, फक्त ते हजारांतलं एक आहे.

आपल्या कोकणातलंच उदाहरण घ्या, मुसलमानांचं नव्हे, बेने इस्रायलांचं. तेलाचा घाणा आणि शनिवारची सुट्टी, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. 2016 च्या एका अभ्यासात त्यांच्यात यहुदी वारसा ठळकपणे सापडला, तो मुख्यतः पुरुषांच्या बाजूने. आयांच्या बाजूचा वारसा बहुतांश इथला निघाला.