संपादकाचे कूळ: सातबारा ते व्हिम

रविवारची सकाळ. कामशेतच्या आमच्या घरी ओटीवर भाचा आणि त्याचा मित्र लॅपटॉप उघडून बसले होते. दोघे हिंजवडीत प्रोग्रॅमर. वाद नेहमीचाच: कोड लिहायच्या एडिटरांत व्हिम बरा की व्हीएस कोड? भाच्याचे म्हणणे, व्हिममध्ये बोटे कळफलकावरून उचलावी लागत नाहीत. मित्राचे म्हणणे, व्हीएस कोडमध्ये सगळे समोर दिसते, शिकण्यात महिना जात नाही. मी मध्येच तोंड घातले, “एडिटरला मराठीत संपादक म्हणा की. एडिटिंग म्हणजे संपादन.”

आत्या पलीकडे सुपात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. “संपादन? आता आणखी कुणाची जमीन चालली?”

मुले हसली. मला मात्र त्या प्रश्नाने महिनाभर कोशांपुढे बसवले. आमच्या मावळात संपादन म्हणजे भूसंपादन, दुसरा अर्थ नाहीच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथल्याच शिवारांतून गेला. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी कामशेतजवळ बौर इथे आंदोलन झाले, गोळीबारात तिघा शेतकऱ्यांचा जीव गेला. ज्या गावांनी हे पाहिले, त्यांच्या कानाला हा शब्द आधी सातबाराच ऐकवणार. मग जमीन घेणारे संपादन आणि कोड लिहिणारा संपादक हे एकाच कुळातले कसे?

मूळ सोपे आहे. सम् हा उपसर्ग आणि पद् हा धातू. पद् म्हणजे जाणे, पाऊल टाकणे. संपद् म्हणजे नीट जुळून येणे, पार पडणे. त्याचे प्रयोजक रूप संपादय्, म्हणजे पार पाडणे, मिळवणे. संपत्ती, संपदा इथल्याच. आपण विश्वास संपादन करतो, ज्ञान संपादन करतो, आणि सरकार जमीन. म्हणजे आत्याचा अर्थ मूळचा, वर्तमानपत्राचा अर्थ मागून आलेला.

आता ‘संपणे’. हाही याच घरातला असावा असे मला फार वाटत होते: पार पडले की संपले. पण ध्वनींचे नियम आडवे येतात. उत्पद्यते पासून प्राकृतात उप्पज्जइ आणि मराठीत उपजणे झाले. निष्पद्यते पासून निपजणे झाले. त्याच वाटेने संपद्यते चे ‘संपजणे’ व्हायला हवे. ‘ज’ कुठे गेला? म्हणून संपणे मला समाप् धातूच्या पदरात टाकावे लागते, आणि ते मी जड मनाने टाकतो. त्या बदल्यात निपजणे हाती लागले, हे थोडके नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेला इंद्रायणी तांदूळ आत्याच्या सुपात होता. तो ज्या जमिनीत निपजतो ती जमीन संपादली जाते, आणि दोन्ही क्रियापदांच्या पोटात एकच पद्!

इंग्रजीचा एडिटर नेमका उलट दिशेचा. लॅटिन एडेरे म्हणजे बाहेर देणे. ग्लॅडिएटरांचे खेळ लोकांसाठी भरवणाऱ्या रोमन माणसालाही एडिटर म्हणत. पुढे पुस्तके बाहेर काढणारा तो एडिटर झाला. त्यांचा देतो, आपला मिळवतो.

यावर विरोधी मत असे: संपादक हे एडिटरचे छापखान्याच्या काळातले भाषांतर, आणि संगणकवाल्यांनी ते जसेच्या तसे उचलले, मुळाशी त्याचा काय संबंध? उचलले हे मान्य. पण ते नुसते भाषांतर असते तर सिनेमाच्या एडिटरलाही संपादकच म्हटले असते. तिथे आपण संकलक म्हणतो, आणि गंमत म्हणजे संगणकाच्या परिभाषेत तोच संकलक कंपायलरच्या वाट्याला गेला. म्हणजे निवड झालीच होती. बंगालीत तर संपादक म्हणजे वर्तमानपत्राचा संपादकही आणि संस्थेचा सचिवही. दोघांत समान काय? काम तडीस नेणे. माझ्या मते शब्दाचा गाभा हाच, छापखाना हे त्याचे एक ठाणे.

कोड लिहिणाऱ्याचा एडिटर बाहेर काहीच देत नाही. तो नुसता काम तडीस नेतो. म्हणून इथे आपला शब्द लॅटिनपेक्षा चपखल बसतो.

कोड लिहायच्या या एडिटरांची वंशावळ अशी: १९६९ च्या सुमारास केन थॉम्प्सनचा एड, १९७६ मध्ये बिल जॉयचा व्हीआय आणि त्याच वर्षी एमआयटीत ईमॅक्स, १९९१ मध्ये ब्रॅम मूलेनारचा व्हिम, २०१५ मध्ये व्हीएस कोड. यातली एक उसनवारी मात्र थांबून पाहावी. व्हिममध्ये एच, जे, के, एल या कळांनी डावीकडे, खाली, वर, उजवीकडे जातात. का? व्हीआय लिहिताना बिल जॉय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करत होता, त्याच्या याच चार कळांवर बाण छापलेले होते. ते यंत्र केव्हाच भंगारात गेले, बाण भाच्याच्या बोटांत राहिले.

आणि व्हिम हे नाव? आरंभी ते ‘व्हीआयची नक्कल’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे लघुरूप होते. ‘सुधारलेला व्हीआय’ हा अर्थ पुढे दिला गेला. इथे मला संपादनाचा तिसरा अर्थ भेटला. जुन्या मराठीत सोंग ‘संपादतात’, म्हणजे हुबेहूब वठवतात. आमच्या कामशेतवरून वाहत जाणारी इंद्रायणी पुढे ज्या देहूला जाते, तिथल्या तुकोबांच्या अभंगातही सोंग संपादलेलेच आहे. व्हिमने व्हीआयचे सोंग असे संपादले की आज बहुतेक लोक मूळ सोडून त्यालाच ओळखतात.

त्या रविवारचा वादही असाच मिटला. मित्राने व्हीएस कोडमध्ये व्हिमच्या कळांची जोडणी बसवली. खिडकी त्याची, कळा भाच्याच्या. माझा कौल त्यालाच: सवयीची बोटे मोडू नयेत आणि समोर दिसणारे नाकारू नये.

मराठीतून संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांना एकच विनंती आहे. फळ्यावर ‘संपादक’ लिहाल तेव्हा शेजारी निपजणे आणि भूसंपादन हे शब्दही लिहा. मावळातल्या पोरांना तो शब्द घरचाच आहे.