खाडीपलीकडचे नवल

आम्हा आष्टीकरांची लहानपणची करमणूक म्हणजे जत्रेतला लाकडी पाळणा. दोन गडी तो हातांनी फिरवीत, नि आम्ही जीव मुठीत धरून वर जात असू.

१९८९ साली मुंबईच्या गोराईत एस्सेलवर्ल्ड उघडले. पुढे शिक्षक झाल्यावर सहलीबरोबर मी तेथे गेलो. मार्व्याहून लाँच सुटली, तशी मुले गप्पच झाली. परतूर तालुक्यातल्या त्या लेकरांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता! पलीकडे माणसाला उलटे टांगून फिरवणारी यंत्रे होती. बर्फावर घसरण्याचीही सोय होती.

जत्रेतला पाळणा एका गावी उतरला की दुसऱ्या गावी उभा राही. हे उद्यान मात्र एकाच जागचे. २०२२ मध्ये ते बंद झाले, ते झालेच.

बातमी वाचून एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला.

"गुरुजी, पोराला दाखवायचं राहूनच गेलं."

"तुला काय आठवतं रे त्यातलं?"

"लाँच! हात बुडवून पाणी चाखलं, अन् तुम्ही रागावलात."

मला हसू आले. म्हटले, "मग राहिलं कुठे? खाडी आहे तिथेच आहे. पोराला घेऊन जा. अन् त्याने पाणी चाखलं, तर रागावू नकोस."